बायबल वाचून देवावर भिस्त बसते ती कशी? तुम्ही कसं वाचता?

सायलीचा_वेल
जय ख्रिस्त आणि नमस्कार मंडळी.

विषय जरा आतला आहे, पण इथे सगळ्या तऱ्हेचे वाचणारे आहेत म्हणून विचारते. माझं माहेर श्रीरामपूरकडचं, घर ख्रिस्ती. शब्बाथशाळेत वचनं पाठ म्हणून बक्षिसं घेतलेली. योहान ३:१६ झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून शास्त्र उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सलग वाचायला घेतलंय. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. या हिशेबाने ११८९ अध्याय वर्षभरात बसतात, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तसा छापील तक्ताच मिळतो.

वाचन नेमाने चालू आहे. इस्राएलाच्या राजांची नावं ओळीने सांगता येतील. पण रात्री बाबांना धाप लागते, मी उशाशी बसते, तेव्हा या वाचनातलं काही म्हणजे काही कामी येत नाही. देवाबद्दलची माहिती वाढली, देवावरचा भरवसा होता तिथेच आहे.

ज्यांचा भरवसा खरोखर वाचता वाचता बसला, त्यांनी सांगा. काय वाचलंत, कसं वाचलंत? "प्रार्थना वाढवा" एवढंच कृपया सांगू नका, ते घरी रोज ऐकते.

निवांत_वाचक
ताई, लेवीय हे तिसरं पुस्तक ओलांडलंत ना? मग तुम्ही आमच्या अख्ख्या घराण्याच्या पुढे आहात. आमच्याकडे दर जानेवारीला उत्साहाने सुरुवात होते आणि फेब्रुवारीत त्यातल्या होमार्पण-शांत्यर्पणाच्या नियमांपाशी सगळे थकतात. उत्पत्ती मात्र सगळ्यांना तोंडपाठ. :)

बाबांना लवकर आराम पडो.

टकळी
मी हिंदू घरातला, बायबल कुतूहलाने वाचलेलं. गांधीजींनी आत्मकथेत याबद्दल फार मोकळेपणाने लिहिलंय. लंडनला शिकत असताना मँचेस्टरच्या एका भल्या ख्रिस्ती गृहस्थांनी आग्रह केला म्हणून त्यांनी बायबल घेतलं. उत्पत्ती वाचलं, पुढे मात्र हमखास झोप यायची. गणना तर मुळीच आवडलं नाही. वाचलं म्हणायला पाहिजे म्हणून नेटाने रेटलं. नवा करार हातात घेतला आणि येशूचं डोंगरावरचं प्रवचन थेट काळजाला भिडलं. तेही वयाच्या विशीत.

तेव्हा माझं मत सरळ आहे. तक्ता बाजूला ठेवा, मत्तय ५ ते ७ हे त्या प्रवचनाचे तीन अध्याय घ्या आणि महिनाभर तिथेच राहा. आमच्या विनोबांनीही 'ख्रिस्तधर्म-सार' काढलंच की. सार वाचण्यात कमीपणा नाही.

पाळकांचा_नातू
@टकळी, आदर राखून असहमत.

डोंगरावरचं प्रवचन सुंदर आहेच, पण ते एकटं उचललं की उत्तम उपदेश उरतो, आणि उपदेशावर कुणी विसंबत नाही. विसंबायला माणसाला समोर कुणीतरी लागतं. निर्गमातला देव म्हणतो, मी माझ्या लोकांचा आक्रोश ऐकलाय, त्यांचं दुःख मी जाणतो. ही ओळख आधी नसेल तर "उद्याची चिंता करू नका" हे आजारी माणसाच्या लेकीला ऐकवायचं तरी कसं? त्यामुळे जुना करार गाळून चालणार नाही. वेग कमी करा, एवढं मान्य.

शिवाय रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल सांगतो की विश्वास ऐकण्याने होतो. पहिल्या शतकातल्या बहुतेक मंडळींनी शास्त्र स्वतः वाचलेलंच नाही, कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे. एकट्याने खोलीत बसून तीन अध्याय उरकणं ही फार अलीकडची रीत. ताई, मोठ्याने वाचून बघा. बाबांना ऐकू जाईल असं.

टकळी
मोठ्याने वाचण्याचा मुद्दा मान्य. ज्ञानेश्वरीही ऐकायचीच गोष्ट आहे.

वसईचा_वारा
आम्ही कॅथलिक. आमच्या आजीच्या काळी घरात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) रोज असायची, बायबल क्वचित. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सगळ्या श्रद्धावंतांनी शास्त्र वाचावं असं आग्रहाने सांगितलं, त्यानंतर आमच्याकडचं चित्र हळूहळू पालटलं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' तर कितीतरी घरांत पोचलं. (हेच फादर २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.)

मठांमध्ये वाचनाची एक जुनी रीत आहे. उतारा छोटा, आठ-दहा ओळींचा. एकदा वाचायचा. थांबायचं. पुन्हा वाचायचा आणि जी ओळ अडवते तिच्याशी बसायचं. मग त्या ओळीवरून देवाशी बोलायचं. शेवटी बोलणंही थांबवायचं, नुसतं बसायचं. बाराव्या शतकात कार्थूसी मठातल्या गीगो नावाच्या साधूने या चार पायऱ्या लिहून ठेवल्या. आमच्या धर्मग्रामात मंगळवारी संध्याकाळी पाच-सात जण जमतो, अशाच पद्धतीने पुढच्या रविवारच्या मिस्साचं शुभवर्तमान वाचतो. मागे मार्काचा चौथा अध्याय होता. वादळात नाव बुडायला आली, येशू उशीवर डोकं ठेवून झोपलाय, शिष्य त्याला उठवून विचारतात की आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का? आमच्यातल्या एक काकी, नुकताच मुलगा गेलेला, म्हणाल्या, "हे विचारायची परवानगी आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." त्या संध्याकाळी पुढे वाचन झालं नाही.

सायलीताई, तुमचा तक्ता तुम्हाला थांबू देत नाही. माझ्या मते अडचण तिथे आहे.

शंकेखोर_आडगावकर
सगळं छान चाललंय, पण अवघड प्रश्न कुणीच काढत नाही म्हणून काढतो. मीही वाचलंय. १ शमुवेल १५ मध्ये अमालेक्यांची बायका-मुलं, तान्ही बाळंसुद्धा मारायची आज्ञा आहे. यहोशवात तेच. ज्या पुस्तकात हे आहे ते वाचून देवावर भिस्त कशी ठेवायची? की ती पानं पटकन उलटायची?

भांडायला आलेलो नाही. माझी आई हेच पुस्तक उराशी धरून गेली, म्हणून मला हे खरंच समजून घ्यायचंय.

पाळकांचा_नातू
@शंकेखोर, पानं उलटायची नाहीत. या उताऱ्यांवर ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनीही शतकानुशतकं डोकं फोडलंय. कुणी त्याला त्या काळची युद्धभाषा म्हणतं, कुणी न्यायदंड म्हणतं. मला एकही उत्तर पुरतं पटलेलं नाही.

मी एवढंच करतो की ती पानं एकटी वाचत नाही. उत्पत्ती १८ मध्ये सदोमासाठी अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस? उतरत उतरत दहावर येतो आणि देव प्रत्येक वेळी हो म्हणतो. आणि योना या संदेष्ट्याचं पुस्तक. चारच अध्याय. निनवे म्हणजे अश्शूरांचं शहर, इस्राएलाचा वैरी. देवाने त्याचा नाश केला नाही म्हणून योना रुसून बसतो आणि मेलो तर बरं म्हणतो. देव त्याला विचारतो, ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं या शहरात आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, मग मी त्यांची कीव करू नये का? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं, योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. वैऱ्याच्या गुरांचीसुद्धा काळजी करणारा हा देवही त्याच पुस्तकात आहे.

शंकेखोर_आडगावकर
गुरांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. योना पुन्हा काढतो. शमुवेलाचं समाधान झालेलं नाही हे नमूद करून ठेवतो.

ओसरी
बराच वेळ वाचतेय, आता लिहितेच. लांब होईल.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती घरात एका कॅलेंडरवर तरी यिर्मया २९:११ असतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत, अशा अर्थाचं वचन. आजारपणात लोक हेच पाठवतात. मलाही पुष्कळांनी पाठवलं आणि मला त्याचा राग यायचा. म्हणून एकदा तो अख्खा अध्याय काढला.

ते एक पत्र आहे. बाबेलात (बाबिलोनात) धरून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने यरुशलेमेहून पाठवलेलं. लवकरच सुटका होणार असं सांगणारे संदेष्टे तिथे होते आणि लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्या शहराचं भलं मागा. आणि अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, मुदत दिलीय. सत्तर वर्षं. म्हणजे पत्र हातात पडलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना घर पुन्हा दिसणार नव्हतं. कॅलेंडरवर दहावं वचन छापत नाहीत.

हे कळल्यावर राग जायला पाहिजे असं नाही, पण माझा गेला. "सगळं लवकर ठीक होईल" असं देव म्हणालेलाच नाही. लांब मुक्कामाची गोष्ट आहे आणि त्या मुक्कामात मी तुमच्याबरोबर आहे, असं म्हणालाय. यावर मला टेकता आलं. आधीच्यावर नाही.

मग तसंच पुढे वाचत ३२ व्या अध्यायापर्यंत गेले. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे, नातलग म्हणून ते सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन तो सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

आणि सगळा व्यवहार उरकल्यावर तो प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेचा शेवट काय, तर शहर तर पडतंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आधी पैसे मोजले, कागद केला, शंका नंतर विचारली. भरवसा म्हणजे शंका संपणं, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते. या माणसाने मला दुसरं काही दाखवलं.

तेव्हा माझं सांगणं: एका माणसाला धरा. यिर्मया, दावीद, पेत्र, हन्ना, कुणीही. त्याच्याशी देव कसा वागला ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. आपणही माणूस असाच ओळखतो, तो दुसऱ्यांशी कसा वागतो त्यावरून.

निवांत_वाचक
मी तलाठी कार्यालयाच्या वाऱ्या केलेला माणूस. साक्षीदार, मोहोर, दोन प्रती, वर जतन करायची सोय... यिर्मयाचा कागद आमच्या सातबाऱ्यापेक्षा चोख होता! ओसरीताई, हा अध्याय इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलाय, पण शेत कधी दिसलं नव्हतं.

भीमथडी
ओसरी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन.

केडगावच्या जवळचा आहे म्हणून पंडिता रमाबाईंबद्दल लिहितो. बाईंच्या हाती लूकचं शुभवर्तमान आलं ते सिल्चरला, बंगालीतलं, घरातल्या पुस्तकांत सापडलेलं. बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला. आणि आपल्या साक्षीत त्या स्वतः सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी आठेक वर्षं लागली. एवढी विदुषी, संस्कृतात ज्यांच्याशी वाद घालायला पंडित कचरायचे, त्यांना माहितीकडून भरवशाकडे यायला इतकी वर्षं लागली. सायलीताई, तुम्ही उशीर केलाय असं समजू नका.

पुढे त्याच बाई म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायामाणसांना कळेल असं अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमाच्या छापखान्यात अक्षरं जुळवायला आश्रमातल्याच बायका. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, त्याआधी काम हातावेगळं केलं होतं. पोटची लेक, मनोरमा, आदल्या वर्षी गेलेली. ते दुःख घेऊनच शेवटचं काम झालं.

टकळी
अवांतर: कवी ना. वा. टिळकांना नवा करार आगगाडीत मिळाला ना? राजनांदगावला जाताना कुणा गोऱ्या सहप्रवाशाने दिला.

भीमथडी
@टकळी, बरोबर. आणि त्यांनाही डोंगरावरच्या प्रवचनानेच धरून ठेवलं, तेव्हा तुमच्या बाजूने एक मत वाढलं. :) १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्या मागोमाग लगेच गेल्या नाहीत, त्यांचं पटायला पुढे काही वर्षं गेली. एकाच घरात दोन वेग.

रेवदंड्याची_लेक
शालोम. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे रायगडचे, आता मुक्काम इस्राएलात. इथे लिहावं की नाही असं वाटत होतं, कारण आमच्या शास्त्रात नवा करार नाही. पण यिर्मया आमचाही, योना तर योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) दुपारी सिनेगॉगमध्ये अख्खा वाचतात, म्हणून धीर केला.

आमच्याकडे तोरा, म्हणजे शास्त्राची पहिली पाच पुस्तकं, वर्षभरात पूर्ण होते, दर शब्बाथला एक भाग, असे एकूण ५४. शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी पुन्हा "प्रारंभी" पासून सुरू. संपवल्याचं समाधान मिळूच देत नाहीत! तेव्हा तक्ता वाईट नाही, ताई. फक्त तो जन्मभराचा समजायचा.

आजारपणात मात्र आम्ही तेहिलीम वाचतो, म्हणजे स्तोत्रं. दीडशे स्तोत्रांची आठवड्याच्या सात दिवसांत किंवा महिन्याच्या तीस दिवसांत वाटणी केलेली असते. आई अलिबागला असताना कुणी आजारी पडलं की शेजारपाजारच्या बायका वाटून घ्यायच्या. ज्याला वाचवत नाही त्याच्या वतीने दुसरा वाचतो. तुमच्या बाबांचं नाव नको सांगू, पण या शब्बाथला मी त्यांच्यासाठी वाचीन.

सायलीचा_वेल
@रेवदंड्याची_लेक, काय लिहू? मनापासून आभार.

सगळ्यांचे प्रतिसाद घरी आईला वाचून दाखवले. ओसरीताई, ते दहावं वचन आईलाही माहीत नव्हतं.

कडधान्य
एवढं मोठं कशाला? मी सकाळी डोळे मिटून बायबल उघडतो, बोट ठेवतो, जे वचन येईल ते त्या दिवसाचं. वर्षानुवर्षं चाललंय, देव बोलतो.

पाळकांचा_नातू
@कडधान्य दादा, तुमच्या श्रद्धेबद्दल शंका नाही. पण बोट विलापगीतावर पडलं तर दिवसभर काय करता?

कडधान्य
पुन्हा उघडतो. :D

ओसरी
कडधान्य दादा, विलापगीतावर पडलं तर तिथेच थांबा की! पाच अध्यायांचा आक्रोश आहे, पण बरोबर मधोमध, तिसऱ्यात, देवाची दया रोज सकाळी नवी होते ही ओळ आहे. बोट उचललंत तर ती हुकेल.

चिंचेचं_झाड
माझी आजी निरक्षर. जामखेडकडची, ऊसतोडीला जायची. तिच्याजवळ नवऱ्याचं बायबल होतं, काळ्या पुठ्ठ्याचं, कडेला लाल रंग लावलेलं. सुट्टीत गेलं की मी तिला वाचून दाखवायचे. आता ते माझ्याकडे आहे. बंद करून कडेने बघितलं तर कुठे काय वाचलं गेलं ते दिसतं. इतिहासाची दोन पुस्तकं कोरी करकरीत, काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली. स्तोत्रसंहिता मात्र बोटांनी काळी-तपकिरी झालीय, कोपरे कापडासारखे मऊ. मार्क आणि योहानही तसेच. २३ व्या स्तोत्राच्या पानाला आजीने स्वतःच्या हाताने दोरा शिवलाय, सुटत होतं म्हणून.

तिला स्तोत्र १३ पाठ होतं. हे परमेश्वरा, कुठवर? असं सुरू होणारं. चार वेळा "कुठवर" येतं. रात्री दुखणं वाढलं की ती तेच म्हणायची, २३ वं नाही. सायलीताई, तुमच्या रात्रीसाठी मी १३ सुचवीन. सहाच वचनं आहेत, दिवा न लावता म्हणता येतात. आणि ते पुरलं नाही तर ८८. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय.

शंकेखोर_आडगावकर
८८ आत्ता वाचलं. माझ्या आईच्या प्रतीत त्यावर पेन्सिलची खूण आहे. यापुढे आज काही लिहीत नाही.

आबोली२
धाग्यात पहिल्यांदाच. आईला वाचायची इच्छा आहे पण अक्षर दिसत नाही. मोठ्या टाइपातलं मराठी मिळतं का? आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट वेगळं असतं का?

वसईचा_वारा
@आबोली२, बायबल सोसायटीच्या दुकानात मोठ्या अक्षराचं विचारा. आमच्यात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंटांत ६६. जास्तीची सगळी जुन्या करारात, नवा करार दोघांचा तोच, २७ पुस्तकांचा. आईंसाठी सुटा नवा करार स्तोत्रांसहित मिळाला तर तो घ्या, हातात जड होत नाही.

सायलीचा_वेल
मंडळी, काय चाललंय ते सांगते.

तक्ता सध्या भिंतीवरून काढलाय. डायलिसिसच्या दिवशी बाबा यंत्राला जोडलेले असतात ते चार तास मी मार्क वाचते, मोठ्याने, पण शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही इतपत. मार्क छोटा आहे, सोळाच अध्याय, गोष्ट पळत राहते. नवव्या अध्यायात तो बाप येतो, आजारी मुलाला घेऊन. विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात माझ्या अविश्वासाला मदत कर म्हणतो. बाबांनी हात वर केला. मला वाटलं सुई दुखतेय. म्हणाले, "तेवढं परत वाच." परत वाचलं. मग म्हणाले, "या माणसाचं काम झालं का?" मी म्हटलं, झालं, मुलगा उठला. म्हणाले, "एवढ्याशा विश्वासावर?"

बाबा आयुष्यभर मंडळीचे वडील (चर्चचे एल्डर) होते, किती जणांसाठी प्रार्थना केल्या असतील. त्यांनाही भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यांना माझी. आता घरी निदान ते बोलता येतं. भरवसा बसला का, असं कुणी विचारलं तर पूर्ण बसला असं नाही म्हणणार. पण रात्री आता १३ वं स्तोत्र दोघं म्हणतो, आणि कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. पूर्वी वाटत नव्हतं.

बाबांना पुढे ईयोब हवाय, सगळं गमावलेल्या माणसाचं ते पुस्तक. मला जरा धास्ती आहे. कसा वाचू?

ओसरी
ताई, पहिले दोन अध्याय एका बैठकीत, तिसरा वेगळ्या दिवशी. तिसऱ्यात तो जन्मदिवसाला शाप देतो, त्यानंतर लगेच मित्रांची भाषणं लावू नका. भाषणं ४ पासून ३७ पर्यंत चालतात, ती सगळी आजारी माणसाला ऐकवायची गरज नाही. प्रत्येक मित्राचं एकेक पुरे. १९ वा मात्र अख्खा घ्या, आपला कैवारी जिवंत आहे असं तो म्हणतो तो हा अध्याय. मग ३८ ते ४२ सलग.

आणि ४२:७ ला थांबा. देव मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. मित्रांनी सगळा वेळ देवाची बाजू घेतली होती, ईयोबाने गाऱ्हाणं केलं होतं. बाबांना हे आधी सांगू नका, त्यांचं त्यांना भेटू द्या.

पाळकांचा_नातू
+१. आणि शेवटी ईयोबाच्या मुलींची नावं दिलीत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. मुलांची दिलेली नाहीत. बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वतन दिलं. हे लेकीने बापाला वाचून दाखवायलाच हवं.